साठीनंतरची बुलेट: आधी उभं राहून बघा

वाचकाचं पत्र

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. वय ६३. हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालो. तरुणपणी माझ्याकडे बुलेट होती, उजव्या पायात गिअर असलेली. मुलांची शिक्षणं सुरू झाली तशी विकली. मग चेतक आली आणि गेली पंधरा-सोळा वर्षं ॲक्टिवा. आता हात मोकळा आहे आणि नवी बुलेट घ्यावी असं फार वाटतंय. उंची पाच फूट चार इंच. डावा गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. घराचं गेट चढावर आहे आणि आत जागा बेताची. पुण्याचा मुलगा म्हणतो, "बाबा, या वयात काय हे? कार घेऊन देतो." बायको म्हणते, "तुम्ही खुशाल घ्या, मी मागे बसणार नाही." कासला, बामणोलीला, जमलं तर कुंभार्ली उतरून चिपळूणला जायचं मनात आहे. घेऊ का? कोणती घेऊ? लोक हसतील का? आणि काळी घ्यावी की लाल?

— एक जुना बुलेटवाला, सातारा

उत्तर

सर, नमस्कार.

सोपा प्रश्न आधी उरकतो. लोक हसतील. पोवई नाक्यावर एखादा हसेलच, आणि संध्याकाळी तोच तुमच्या गाडीभोवती घुटमळत "ॲव्हरेज किती देते हो?" असं विचारेल. पुढे.

गाडी जरूर घ्या. मात्र पंचविशीत जशी निवडली तशी निवडू नका. तेव्हा आपण गाडी कशी पळते ते बघत होतो. आता ती उभी असताना आपल्याला आवरते का, ते बघायचं. साठी ओलांडलेल्या मंडळींच्या गाड्या मी आडव्या झालेल्या पाहिल्यात त्या बहुतेक उभ्या-उभ्याच: पेट्रोल पंपावर, सिग्नलला, गेटातून मागे घेताना, चिंचोळ्या बोळात वळवताना. चाळीस-पन्नासच्या वेगात गाडी आपला तोल आपणच सांभाळते, तिथे तुमचं वय तिला कळतही नाही. चाकं थांबली की सगळा कारभार तुमच्या दोन पायांवर येतो, आणि त्यातला एक कुरकुरतोय असं तुम्हीच लिहिलंय.

तुम्ही गणिताचे, म्हणून हिशेबच मांडतो. नव्या बुलेट ३५० चं वजन पेट्रोल-ऑइलसकट १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलिमीटर. क्लासिक ३५० चंही तेच. तुमची ॲक्टिवा याच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते. आता गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर आणि हँडल एक मीटर वर धरा. ढोबळ हिशेब आहे, पण चालेल. गाडी १० अंश कलली तर तिला धरून ठेवायला हँडलवर साधारण १७ किलोचा जोर लागतो. २० अंशांना ३३ किलो. ३० अंशांना ४९ किलोच्या आसपास. सतरा किलो तुम्ही-आम्ही कुणीही पेलतो. एकोणपन्नास किलो, तेही वाकून, एका अंगावर, दुखऱ्या गुडघ्यावर, म्हणजे गाडी सोडून बाजूला व्हायची वेळ झाली. यात तुमचं आणि मागे बसणाऱ्या माणसाचं वजन धरलेलंच नाही. थोडक्यात, गाडी सावरायची ती पहिल्या पाच-दहा अंशांत, आणि त्यासाठी पाय जमिनीला नीट टेकायला हवा.

पाय टेकतो का, तेही घरीच मोजता येतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. एखादं जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरून जितकं वर जाईल तितकं सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. तुमच्या उंचीला हे माप बहुधा ७४ ते ७६ सेंटिमीटर भरेल. बुटाचे दोन-अडीच मिळवा. तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन दबून सीट थोडी खाली येते, तेही मिळवा. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढे तोकडे पडतात, ते वजा करा. सगळं करून ८०५ च्या सीटवर तुमच्या टाचा उचललेल्याच राहणार.

शोरूमच्या फरशीवर हे खपून जातं. पण आपलं शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतारावर वसलेलं, इथे सपाट रस्ता शोधायला लागतो. रस्त्याला आडवा उतार असेल, समजा मीटरला १० सेंटिमीटर, तर गाडीच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर पडणारा तुमचा पाय आणखी ३ सेंटिमीटर खोल जातो. टाच आधीच वर होती, आता चवडाही अधांतरी. आणि गाडी नेमकी त्याच बाजूला झुकते. उभ्या-उभ्या पडायला एवढं पुरतं. त्यात वाळू, शेण किंवा सांडलेलं डिझेल असलं की विचारायलाच नको.

तेव्हा शोरूममध्ये गेल्यावर एक करा. सेल्समन लगेच गाडी सुरू करून आवाज ऐकवेल. ऐकून घ्या, त्याचा तो धंदा आहे. मग त्याला म्हणा, आता बंद कर आणि बाहेर रस्त्यावर काढून दे. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा, दोन्ही हात हँडलवर, कंबर सीटला टेकवलेली, आणि गाडी पुढे दहा पावलं, मागे दहा पावलं ढकला. मग वर बसून पायांनी मागे सारा. मग थोड्या चढावर हेच. मग साइड स्टँडवरून उचलून सरळ करा आणि परत स्टँडवर टेकवा, चार-पाच वेळा. क्लच वीस वेळा दाबून सोडा, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते का बघा. हे सगळं झाल्यावर दम लागला, गुडघा बोलला किंवा सेल्समननं मागून हळूच हात लावला, तर ती गाडी तुमची नाही. तुमच्या गेटाशी मागून हात लावायला सेल्समन नसतो.

गेटावरून आठवलं. चढावरच्या गेटातून गाडी सरळ आत नेली तर बाहेर काढताना ती उलटी, उतारावर येणार. तेव्हा खाली उभं राहून ओढू नका. वर बसा, हँडल नाकासमोर सरळ ठेवा आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक थोडा-थोडा सैल करत या. उतारावर गाडी लावायची तर तोंड चढाकडे आणि पहिला गिअर टाकून. उताराकडे तोंड करून साइड स्टँडवर उभी केली की गाडी पुढे सरकते, स्टँड मिटतो आणि गाडी झोपते. राजवाड्याच्या वरच्या बाजूच्या गल्ल्यांत हे कधी ना कधी बघायला मिळतंच.

आता खरी काळजीची गोष्ट, जी तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात: उजव्या पायात गिअर असलेली बुलेट आणि त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं ॲक्टिवा. वजनापेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटते.

तुमच्या जुन्या बुलेटला ब्रेक डाव्या पायात होता, गिअर उजव्यात, पहिला वर आणि बाकीचे खाली. आजच्या बुलेटला बरोबर उलटं आहे. गिअर डाव्या पायात, ब्रेक उजव्यात, पहिला खाली आणि बाकीचे वर. ॲक्टिवाला पायात काहीच नाही, मागचा ब्रेक डाव्या हातात. मोटरसायकलला त्याच डाव्या हातात क्लच. निवांत चालवताना हे सगळं चार दिवसांत अंगवळणी पडतं, आणि माणूस म्हणतो, जमलं की! भानगड होते ती कुत्रं आडवं आल्यावर. डोकं जागं व्हायच्या आत हातपाय आपली जुनी सवय बाहेर काढतात. डावा हात ब्रेक समजून क्लच आवळतो, म्हणजे इंजिनाची अडवणूकही गेली, गाडी मोकळी सुटली. डावा पाय ब्रेक समजून गिअरच्या लिव्हरवर पडतो. तुम्ही दोन्ही "ब्रेक" जीव खाऊन दाबताय आणि गाडी थांबत नाही. उतारावर असाल तर उलट वेग घेते.

म्हणून पहिला महिना घाट नाही. यवतेश्वरही नाही, कितीही जवळ असला तरी. रविवारी सकाळी एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात, तिथे जा. नातू सुट्टीला आला असेल तर त्याला शिट्टी देऊन कडेला, सुरक्षित जागी उभा करा. वीस-पंचवीसच्या वेगात तुम्ही चालवायचं आणि त्यानं मनाला येईल तेव्हा शिट्टी मारायची. शिट्टी वाजली की उजवा हात आणि उजवा पाय, आणि गाडी बंद पडायच्या बेताला डाव्या हाताचा क्लच. पोरांना यात भारी मजा येते. तुम्हाला थोडा राग येईल, पण शिट्टी कधी वाजेल हे ठाऊक नसणं हाच त्यातला मुद्दा आहे. आणि त्या दिवसांत ॲक्टिवाची किल्ली वहिनींकडे देऊन टाका. सकाळी ही आणि संध्याकाळी ती, असं केलंत तर हातपाय कुठलंच शिकत नाहीत.

पुढच्या ब्रेकबद्दलही बोलायला हवं. आपल्या पिढीला गाडी शिकवणाऱ्यानं पहिलं वाक्य हेच सांगितलेलं, "पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील." त्या ड्रम ब्रेकांच्या गाड्यांत मागच्या ब्रेकवर आयुष्य निघालं. पण ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, आणि जोरात थांबायचं तर जास्तीचं काम तेच चाक करतं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे पुढचं चाक एकदम जाम होत नाही. दोन्ही चाकांना एबीएस मिळत असेल तर तेच घ्या, वरचे पैसे द्यावे लागले तरी. आणि सरळ रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबायला मुद्दाम शिका. दाबायचा, झटका द्यायचा नाही.

याच्या उलट, चालण्याच्या वेगात आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. यू-टर्न घेताना कुणी आडवं आलं, पुढचा ब्रेक धरला, की गाडी वळलेल्या बाजूला धाडकन बसते. त्याला एबीएस काही करू शकत नाही. अगदी हळू असताना मागचा ब्रेक, म्हणजे उजवा पाय पेडलवर आणि जमिनीला टेकायला डावा. यातच तुमचा पेच आहे सर. थांबताना भार डाव्या पायावर. गाडीवर चढताना डाव्या पायावर उभं राहून उजवा पलीकडे टाकायचा. साइड स्टँड डावीकडे, गिअर डावीकडे. कुरकुरणारा गुडघाही डावाच. तो उजवा असता तर माझं उत्तर जरा वेगळं असतं.

हे सगळं धरून गाड्यांकडे बघू. आकडे साधारण आहेत, कंपन्या मधूनमधून बदल करतात, घेताना खात्री करा.

बुलेट किंवा क्लासिक तुम्हाला मी सुचवणार नाही. गाडी वाईट म्हणून नव्हे. नवं इंजिन जुन्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत आहे, ताकदही ३४६ सीसीच्या जुन्या इंजिनाच्या १८ हॉर्सपॉवरवरून आता २० वर आलीय. पण १९५ किलो आणि ८०५ ची सीट, उतारावरचं गेट आणि डावा गुडघा, हे गणित सुटत नाही. पाच फूट आठचा माणूस विचारत असता तर घ्या म्हटलं असतं.

हंटर ३५० मध्ये इंजिन त्याच जातीचं, वजन १८१ किलो, सीट ७९० च्या आसपास. वळायला चपळ. तरुणांची गाडी म्हणून तुम्ही तिच्याकडे बघितलं नसेल, बघा.

मेटिऑर ३५० चं वजन १९१ किलो, म्हणजे काट्यावर फारसा फरक नाही. पण सीट ७६५ मिलिमीटर. तुमचे दोन्ही तळवे टेकतील. पाय पुढे सोडून बसायचं असल्यानं गुडघा फार दुमडत नाही, आणि टाचेनं दाबायचा गिअर लिव्हर असल्यानं बुटाच्या टोकानं गिअर उचलायचा ताण नाही. ठोकाही तोच, जो ऐकायला तुम्ही आतुर आहात. तिची खोड अशी की पाय पुढे असल्यामुळे खड्ड्यावर किंवा स्पीडब्रेकरवर बूड उचलता येत नाही, हिसका थेट कमरेत जातो. तुमचं दुखणं कमरेचं नसून गुडघ्याचं आहे, म्हणून हा दोष तुम्हाला परवडेल. कमरेच्या माणसानं मात्र ही गाडी घेऊ नये.

आणि एक नाव जे ऐकून तुमचा चेहरा पडेल: होंडा युनिकॉर्न. १४० किलोच्या आतबाहेर. सीट ७९८, पण अरुंद, त्यामुळे पाय आकड्यापेक्षा बरे टेकतात. बँकेतल्या क्लार्कची गाडी म्हणून हिला नाक मुरडणारे खूप आहेत. पण सातारा-मेढा, सातारा-औंध, कासपर्यंतचा चढ यातलं काहीही ही गाडी कुरकुर न करता करते, गेटातून एका माणसाला मागे घेता येते आणि पेट्रोलचा खर्च बुलेटवाल्याला सांगितला तर तो विषय बदलतो. बाजारात ४०० सीसीच्या, चाळीस हॉर्सपॉवरच्या गाड्याही आहेत, त्या मुलाला कौतुकानं दाखवायला ठीक.

माझं मत: आधी मेटिऑर ढकलून बघा. गेटाच्या परीक्षेत पास झाली तर तीच घ्या. नाही झाली तर युनिकॉर्न. मन खट्टू होईल आठ-पंधरा दिवस, मग होणार नाही.

एक मोह तुम्हाला नक्की पडणार, म्हणून आधीच सांगतो. कुणीतरी म्हणेल, "सर, जुनीच बुलेट बघा की, उजव्या गिअरची, तुमची सवयही तीच!" ऐकायला बिनतोड वाटतं. पण किक आठवा. अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन पुढे काढायचा, मग अंगाचा भार टाकून एक दणका, आणि चुकला की किक उलटी येऊन नडगी फोडते. मारणारा पाय उजवा, पण त्या क्षणी सगळं अंग तोललेलं असतं डाव्यावर. शिवाय ड्रम ब्रेक, आणि पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. रविवारी पुसून अंगणात ठेवायला सुंदर. कुंभार्लीला नको.

गाडीचे पैसे भरण्याआधी दोन ठिकाणी जाऊन या. पहिलं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मोतीबिंदू सुरुवातीला दिवसा कळत नाही, रात्री समोरच्या हेडलाइटभोवती वलयं दिसायला लागतात आणि दिवा गेल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. आपल्या भागात दिवाळीच्या आसपासपासून मार्च-एप्रिलपर्यंत उसाची वाहतूक असते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीनं झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. अंधारात ती ट्रॉली चांगल्या डोळ्यांनाही उशिरा दिसते. तुम्ही मावळतीच्या आत घरी, हा नियम मोतीबिंदू नसला तरी पाळा.

दुसरं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. बीपीची गोळी गाडीसाठी बंद करायची नाही. काही गोळ्यांनी बसलेलं उठताना गरगरतं, काहींनी लघवीला सारखं जावं लागतं, तुमची कोणती आहे ते विचारा. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला की पहिले काही दिवस गाडीला हात नाही. सर्दीच्या साध्या गोळीनंही गुंगी येते. रक्त पातळ करायची गोळी पुढेमागे सुरू झाली तर मोटरसायकलबद्दल स्पष्ट विचारा, कारण तेव्हा डोक्याला लागलेला छोटा मारही मोठा होऊ शकतो. मान किती वळते तेही बघा. खुर्चीत सरळ बसून खांद्यावरून मागचं दार दिसत नसेल तर मोठे आरसे लावून घ्या.

लायसन्स काढून तारीख वाचा. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. गिअरच्या मोटरसायकलचा उल्लेख कार्डावर आहे ना, तेही बघा. पत्रात याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून सांगितलं.

वहिनींचं. त्यांना भीती गाडीची वाटते की तुमची, हे एकदा विचारा. मला विचाराल तर पुष्कळदा अडचण साधी असते: मागची सीट उंच, पाय टाकायला त्रास, पकडायला काही नाही, आणि पूर्वी बुलेटवर बसून कंबर धरलेली अजून लक्षात आहे. शोरूमला त्यांना बरोबर न्या. पाठीला टेका लावून बसवा, पाय कुठे येतो बघा. ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसायला त्या तयार असतील तर तुमचं निम्मं काम हलकं होतं, कारण एका बाजूला पाय सोडून बसलेल्या माणसाचं वजन थांबताना एकाच अंगाला ओढतं. चढायच्या-उतरायच्या आधी त्यांनी "चढू का?" विचारायचं आणि तुम्ही दोन्ही पाय टेकून, ब्रेक धरून "हं" म्हणायचं. हे विचारणं सुटलं की गाडी पडते. हेल्मेट दोघांनाही, आयएसआयचं, चष्म्यासकट घालून बघून घेतलेलं. कायदाही तेच सांगतो. आणि एवढं करूनही त्या नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका. एकट्यानं गाडी चालवण्यात काही कमी मजा नाही.

मुलाशी वाद घालू नका. तो आला की एमआयडीसीत घेऊन जा आणि त्याच्यासमोर रस्त्याच्या रुंदीत पाय न टेकता यू-टर्न घेऊन दाखवा. जमला नाही तर त्याचं थोडं तरी बरोबर आहे असं धरून आणखी महिनाभर सराव करा.

आता फिरण्याबद्दल, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. दुसऱ्या महिन्यात मेढ्याचा रस्ता घ्या, मधल्या वारी, सकाळी. कण्हेर धरणाचं पाणी दिसत राहतं, चढ सौम्य, वळणं समजूतदार. लिंबची बारा मोटांची विहीर अर्ध्या दिवसात होते. ही शाहू महाराजांच्या काळातली, आत उतरून वरच्या छोट्या महालात बसलं की मे महिन्यातही गारवा. महामार्गावर ट्रकांच्या शर्यतीत पडू नका, डावीकडून आपल्या चालीनं. रहिमतपूरवरून औंध, यमाईचं दर्शन, टेकडीवरचं संग्रहालय, तिथंच जेवून परत. दर पाऊण तासाला थांबायचं, पाणी प्यायचं, गुडघा सोडवायचा. तरुणपणी आपण न थांबता कुठवर गेलो ते सांगत होतो, आता थांबे मोजा.

कास तिसऱ्या महिन्यात, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी अजिबात नको. फुलांचा हंगाम, धुकं, ओला रस्ता आणि वळणावर आपली बाजू सोडून येणाऱ्या गाड्या. नोव्हेंबरच्या एखाद्या मंगळवारी जा, फुलं फारशी नसतील पण पठार तुमच्या एकट्याचं असेल. पुढे बामणोलीला शिवसागराच्या काठापर्यंत. घाट उतरताना जुना नियम अजून खरा आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे गेलात तर वारा आडवा मारतो, हँडल घट्ट आवळू नका, कोपरं सैल ठेवा.

कुंभार्ली पुढच्या हिवाळ्यात. साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत चिपळूण सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको. रात्री चिपळूणला राहा, मासे खा, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घाट चढा.

आणि कधीतरी गाडी पडेल. उभ्या-उभ्या, हळूच, चार लोकांसमोर. पडू लागली की पाय खालून काढून घ्यायचा आणि सोडून द्यायची. क्रॅश गार्ड लावून घेतलेला असला की लिव्हर-आरशापलीकडे फारसं नुकसान होत नाही. आधी लाल बटण दाबून इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाते. गिअरमध्ये असू द्या म्हणजे सरकणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवा, एक हात खालच्या हँडलला, दुसरा मागच्या दांड्याला, पाठ सरळ, आणि छोटी-छोटी पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर उचला. कमरेतून वाकून ओढायची नाही. हे एकदा घरी मेकॅनिककडून शिकून घ्या, पण तुमच्या गुडघ्यानं रस्त्यात एकट्यानं करू नका. आपल्याकडे माणूस पडला की चहाच्या टपरीवरून चार जण धावतातच, त्यांना उचलू द्या.

राहिला रंग. काळ्या गाडीवर सातारची धूळ दिसते, लाल उन्हात फिकी पडते, दोन्ही पुसत बसायला वेळ तुमच्याकडे आहे. आवडेल ती घ्या. हेल्मेट मात्र पांढरं घ्या, कासच्या धुक्यात समोरच्याला तेच आधी दिसतं.